तुआलोआंच्या सभाघराची दारं

काच बसवणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, असं फुआतिनोचं मत होतं. कारण तिनं आजवर बसवलेली सगळी काच माउसनं बसवली होती. भिंतीवर क्लिक केलं की भिंतीला भोक पडतं, भोकात चौकट उभी राहते, चौकटीत तावदान येतं. ते कधी फुटत नाही की त्याच्यावर कधी कोंबडी घाण करत नाही. राजधानीत, आपियात, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात तिचा हात इतका बसला होता की हॉटेलांच्या समुद्राकडच्या बाजू साहेब डोळे मिटून तिच्यावर सोपवत. पण स्वतःच्या कुळाच्या सभाघराला दारं बसवायची पाळी आली, लॅपटॉप पोटाशी धरून ती सावाई बेटाच्या फेरीबोटीत बसली, तेव्हा सगळी हुशारी लाटांबरोबर वरखाली व्हायला लागली.

जुनं सभाघर दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गेलं होतं. गेलं म्हणजे छप्पर शेजारच्या गावात सापडलं आणि खांब समुद्रात. उरलं ते काळ्या दगडांचं लांबट गोल जोतं, आणि त्यावर कुत्री झोपायची. नवं घर बांधायला ऑकलंडचे नातेवाईक तयार होते. त्यांचा म्होरक्या इओआने, फुआतिनोचा काका. त्याची अट एकच होती: चहूबाजूंनी काच. "पुन्हा वादळ आलं की काय चटया धरून बसणार?" असं तो फोनवर विचारायचा, आणि त्याला उत्तर देणं कठीण होतं. आमच्या सभाघराला भिंत कधी नव्हतीच; खांब, छप्पर, आणि पाऊस आला तर खाली सोडायच्या झापांच्या चटया.

पण तुआलोआ म्हणाले होते, "काच नको."

तुआलोआ हे फुआतिनोचे आजोबा. हे त्यांचं जन्मनाव नव्हे, कुळाचं नाव. जो प्रमुख होईल त्याला ते मिळतं आणि तो मरेपर्यंत किंवा देईपर्यंत त्याचंच असतं. काच का नको ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे प्रमुखानं कारणं सांगायला सुरुवात केली की समजावं, आता हा प्रमुख राहिला नाही. इओआनेचं डोकं मात्र तापलं. शेवटी तो फुआतिनोला म्हणाला, "तुझं ते कंप्यूटरवरचं मॉडेल का काय ते म्हाताऱ्याला दाखव. शनिवारी हो म्हणाला तर जोत्यावर घर उभं राहील. नाही म्हणाला तर रस्त्यापलीकडे माझ्या वाट्याच्या जागेत मी साधा बंगला बांधतो, आणि मग त्याला ते नाव कुणाला कुठं बसून द्यायचंय ते देऊ दे."

म्हणजे दुसऱ्याच्या घरात बसून द्यायचं. ऐंशी उलटलेल्या माणसानं आपलं नाव पुढच्याच्या हवाली करायचं, तेही परक्या छपराखाली. आजोबांना पुन्हा एकदा त्यांच्या खांबाला पाठ टेकून बसलेलं बघायचं, एवढीच फुआतिनोची इच्छा होती, आणि ती एका तावदानापाशी अडली होती.

शनिवारी सकाळी रिकाम्या जोत्याशेजारच्या पाहुण्यांच्या लहान घरात सगळे जमले. हेही उघडंच, चार खांबांवरचं. पाद्रीबुवांचा टीव्ही मागून आणला होता आणि तो डबाबंद मांसाच्या खोक्यावर ठेवला होता. खांबाखांबाशी प्रमुख मंडळी मांडी घालून बसली. टोकाला तुआलोआ. समोरच्या अंगाला फाओलिउ, कुळाचा वक्ता. सभेत बोलणं हे त्याचं काम आणि सभेबाहेर बोलणं हा त्याचा छंद. खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी, आणि माशी नसली तरी ती हलत राहायची. अंगणापलीकडे फणसाच्या सावलीत, स्वतःच्या झोपडीच्या पायरीवर, मातालेना आजी चटई विणत बसली होती. तुआलोआंची थोरली बहीण. डोळे जाऊन खूप वर्षं झाली होती, पण बोटांना त्याची खबर लागली नव्हती. चटईची वीण आजही गावात सर्वांत बारीक तिचीच.

फुआतिनो गुडघ्यांवर सरकत टीव्हीपाशी गेली. बसलेल्या प्रमुखांसमोर कुणी ताठ उभं राहत नाही. जावंच लागलं तर कंबरेत वाकून, 'तुलोउ' म्हणत, माफी मागत जायचं. हे चालायला शिकण्याआधी शिकवतात.

तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पडद्यावर घर आलं.

जोतं तेच होतं, काळ्या दगडाचं, पण त्यावर छप्पर होतं, नावेसारखं पालथं, आणि छपराखाली सगळीकडून काच, काचेतून पलीकडचं खाजण, खाजणापलीकडे प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. मागच्या समुद्राचा फोटो फुआतिनोनं इथूनच काढून नेला होता. एका म्हाताऱ्या प्रमुखानं टीव्हीकडे बघितलं, मान वळवून शेजारच्या रिकाम्या जोत्याकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे बघितलं. फाओलिउची चवरी थांबली.

"आत जाऊन दाखवते," फुआतिनो म्हणाली आणि मॉडेलमधला कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा, माउसनं पुढच्या दारातून आत नेला.

आत चार गोरे उभे होते. सुटाबुटात, एकाच्या हातात कॉफीचा कप. सॉफ्टवेअरमध्ये माणसं आयती मिळतात. घराची उंची कळावी म्हणून ती टाकतात, आणि फुआतिनोनं सवयीनं टाकली होती.

फाओलिउनं घसा साफ केला. "पोरी, हे पाहुणे कोण?"

"कुणी नाही, काका. नुसती चित्रं आहेत."

"चित्रांना बसता येत नाही का? आणि ते राहू दे. तू स्वतः कुठं चाललीस अशी ताठ मानेनं, सभाघराच्या मधोमध? आपियात गेल्यापासून कंबर वाकत नाही वाटतं."

खरंच होतं. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. हॉटेलं बघायला लोक उभेच येतात. तिनं कधी तो आकडा बदलला नव्हता. आपल्या पूर्वजांच्या घरात ती माडासारखी सरळ चालत गेली होती, प्रमुखांच्या डोक्यांवरून. "तुलोउ," ती टीव्हीला म्हणाली, आणि मागे कुणीतरी हसू दाबलं.

गोऱ्यांना तिनं एकेक करून पुसलं. मग कॅमेऱ्याची उंची कमी केली, मांडी घातलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी.

कित्येक महिने तिनं हे घर फिरवलं होतं, कापलं होतं, आतून बाहेरून पाहिलं होतं. तिला वाटत होतं की ते तिला पाठ आहे. बसलेल्या डोळ्यांना ते वेगळंच होतं. छप्पर एकदम वर गेलं, खूप वर, आणि त्याच्या वाशांच्या कमानी एकीवर एक अशा अंधारात चढत गेल्या. लहानपणी आजोबांच्या मांडीला डोकं लावून झोपताना ती असंच वर बघायची आणि तिला वाटायचं, वर कुणीतरी राहतं. ते घर बसणाऱ्यांसाठी होतं. उभ्या माणसाला ते कधी दिसलंच नसतं. बापरे, ती मनात म्हणाली, हे मी काढलं होतं आणि मी पाहिलंच नव्हतं.

फक्त एक खोट होती. दारांच्या मधोमध एक आडवी काळी पट्टी होती. उभ्यानं बघताना ती कंबरेशी येई, कुणाला जाणवत नसे. आता ती बरोबर डोळ्यांवर आली होती. वर आभाळ, खाली अंगण, आणि समुद्र पट्टीच्या मागे.

"प्रत्येकाला डोळ्यांवर फडकं बांधलंस," फाओलिउ म्हणाला.

तिनं दाराच्या चौकटीत जाऊन पट्टी काढून टाकली, चौकटीची जाडी कमी केली, मूठ खाली घेतली. अखंड तावदान झालं. समुद्र आत आला. म्हणजे तसं वाटलं. एक प्रमुख तर मांडी सावरून थोडा मागे सरकला. मग ती एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे, बसल्या उंचीनं, हळूहळू घर फिरवत गेली. एका खांबाला पाठ लावली की खाजणातली होड्यांची वाट दिसे. पुढच्या खांबाशी डोंगर. त्या पुढच्याशी चर्चचा मनोरा. तिनं हे असं मांडलं नव्हतं. खांब तिनं जुन्या जोत्यावरच्या भोकांत उभे केले होते, इतकंच. ज्यांनी ती भोकं पाडली त्यांनी काय काय बघून पाडली असतील, ते ते जाणोत.

शेवटी ती टोकाच्या खांबाशी आली. तुआलोआंच्या. तिथून अंगण दिसत होतं, फणस, आणि आजीची झोपडी. झोपडी तिनं नुसत्या खोक्यासारखी काढली होती, वेळ नव्हता म्हणून.

सगळे तुआलोआंकडे बघत होते.

"सुंदर आहे," ते हळू म्हणाले. "डोळे निवले. पण काच नको."

का, ते विचारायचं नसतं. फाओलिउनं चवरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि तेवढ्यावर कळलं की विषय संपला. फुआतिनोला वाटलं, टीव्ही बंद करावा आणि फेरीबोट गाठावी. कुणीतरी तिला कोको आणायला सांगितलं म्हणून ती वाकून, तुलोउ म्हणत, बाहेर पडली.

पहिला पेला तिनं आजीला नेला.

"काय म्हणाला गं?" मातालेनानं विचारलं. "पुटपुटत होता नुसता."

"नको म्हणाले, आजी."

"हं." आजीनं कोकोचा घोट घेतला. "दोन वर्षं झाली, तो पुटपुटतोच. गावची सभा या लहान घरात मावत नाही, ती दुसऱ्यांच्या घरात होते ना आता, वरच्या आळीला. मला इथून ऐकू येत नाही. फाओलिउ सांगतो, म्हणे हल्ली दोन वाक्यं बोलून थांबतो. पूर्वी बोलायला लागला की कुत्रीसुद्धा बसून ऐकायची."

"वय झालं, आजी."

"वय मला झालंय. तो लहान आहे." तिची बोटं पुन्हा चटईवर गेली. "मला एक सांग. काच काच करताय सगळे. काच म्हणजे भिंतच ना?"

"नाही गं. भिंतीसारखी नाही. आरपार दिसतं."

"कुणाला?" आजी म्हणाली.

फुआतिनोनं अंगणापलीकडे पाहिलं. आजोबा त्यांच्या जागी बसले होते, तोंड इकडेच. जुन्या सभाघरात टोकाच्या खांबाशी बसून हाच प्रमुख साठ वर्षं याच पायरीकडे तोंड करून बोलला होता, आणि ही पायरीवर बसून ऐकत होती. ऑकलंडच्या काकाला, आपियाच्या साहेबांना, हिला स्वतःला, काच म्हणजे उघडेपणा वाटत होता. आणि इथं बसलेल्या बाईला ती आवाज अडवणारी, दगडाचीच भिंत होती. आपण किती आंधळे, असं फुआतिनोला वाटलं, आणि हे वाटल्याबरोबर तिला लाजही वाटली आणि घाईही सुटली.

उरलेले पेले तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिले. परत टीव्हीपाशी जाताना वाकायचं ती विसरली नाही, पण जवळजवळ धावत वाकली.

"थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "दारं बंद होती. मी ती कधी उघडलीच नव्हती."

हे खरं होतं. मॉडेलमधल्या दाराला ते किती उघडं दाखवायचं याचा एक आकडा असतो. तो शून्यावर येतो आणि शून्यावर राहतो. बंद दार नीटनेटकं दिसतं, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. तिनं आकडा शंभरावर नेला. सगळी तावदानं सरकली आणि एकमेकांच्या मागे जाऊन उभी राहिली. घर अर्धं उघडलं. अर्ध्यावर काच तशीच.

"अर्धी भाकरी," फाओलिउ म्हणाला.

"सरकती दारं आहेत, काका. एकामागे एक लपतात, पण जातात कुठं? घडीची लावते."

तिनं सगळी दारं निवडली आणि त्यांचा प्रकार बदलला. घडीचं दार पंख्यासारखं दुमडून एका कडेला उभं राहतं. लांब सरळ बाजूंना ती शहाण्यासारखी बसली. घराच्या दोन्ही गोल टोकांना मात्र गोंधळ उडाला. भिंत वळते, काच वळत नाही. तावदानं गोलाईतून बाहेर डोकावायला लागली, एक तर थेट छपरातून वर आलं.

"हे तुझं दार उडून चाललंय."

"दिसतंय मला, काका."

"मी आपलं सांगितलं. आधीचं घर असंच गेलं होतं."

ती दात आवळून कामाला लागली. गोल भिंत पुसली. खांबापासून खांबापर्यंत सरळ रेघ, पुन्हा खांबापासून खांबापर्यंत सरळ रेघ. गोलाई मोडली नाही, ती खांबांनीच धरून ठेवली. प्रत्येक दोन खांबांमध्ये एक घडीचं दार. घड्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाठ टेकणाऱ्याला काच लागायला नको. खालचा रूळ जोत्याच्या दगडात बुडवला, म्हणजे सरकत येणाऱ्या गुडघ्याला ठेच नको. म्हातारी मंडळी हे सगळं विलक्षण लक्ष देऊन बघत होती. कोको निवत होता. मध्येच एक प्रमुख पुटपुटला, "देवालाही इतका वेळ लागला नसेल," आणि त्याला दुसऱ्यानं गप्प केलं.

मग तिनं कॅमेरा पुन्हा बसल्या उंचीवर, टोकाच्या खांबाशी नेला, सगळी दारं एकदम निवडली आणि आकडा हळूहळू वाढवत नेला.

काच हलली. आधी एका बाजूला, मग वळसा घेत सगळीकडे, तावदानं दुमडत गेली, बारीक होत गेली आणि एकेका खांबाच्या मागे जाऊन मिटली. शेवटचं मिटलं तेव्हा घरात काहीच उरलं नव्हतं. खांब होते. वर ते प्रचंड छप्पर होतं, आणि खांबांच्या मधून सगळं जग आत येत होतं, डोंगर, होड्यांची वाट, मनोरा, फणस. वादळानं नेलेलं घर समोर उभं होतं.

म्हाताऱ्या प्रमुखांपैकी एकानं डोळे पुसले, उघड, लपवून नाही. फाओलिउला काही सुचलं नाही, आणि हे गावात यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. फुआतिनोचे हात मांडीवर पडले. ते तिनं केलं होतं असं तिला वाटतच नव्हतं. कुणीतरी तिच्या हातून आपलं घर परत घेतलं होतं.

तुआलोआ ताठ झाले. पाठ खांबाला लागली, हात गुडघ्यांवर गेले. आणि ते बोलायला लागले. पुटपुटले नाहीत, तो आवाज अंगणाला पुरणारा होता, दोन वर्षांत कुणी न ऐकलेला. समोर टीव्ही आहे हे ते विसरले असावेत, किंवा त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. सभाघर उभं राहिलं की त्याला त्याची माणसं सांगायची असतात. ते सांगत गेले: या खांबाशी उलुगिआ बसला, ज्यानं खाजणातली वाट शोधली. या खांबाशी त्याचा मुलगा लोलेगा. फुआतिनो त्यांच्या शब्दांमागोमाग कॅमेरा खांबाखांबाशी नेत राहिली.

"आणि या खांबाशी," तुआलोआ म्हणाले, "लोलेगाचा मुलगा माताफेओ."

अंगणापलीकडून खोकला आला.

मोठा नव्हता. चटई विणणाऱ्या बाईला घशात धूळ गेल्यावर यावा तसा. तुआलोआ थांबले. एक क्षणभर त्यांचे ओठ नुसते हलले.

"लोलेगाचा पुतण्या," ते म्हणाले. "पुतण्या माताफेओ." आणि पुढच्या खांबाकडे वळले.

फुआतिनोनं पाहिलं की एकेकाची मान हळूहळू पायरीकडे वळली. साठ वर्षं ही माणसं तुआलोआंच्या तोंडून वंशावळ ऐकत होती. साठ वर्षं त्यात एक नाव इकडचं तिकडं झालं नव्हतं; जमिनींचे निवाडे त्या नावांवर झाले होते, भांडणं मिटली होती, शेजारची गावं त्यांना विचारायला येत होती. आणि साठ वर्षं ती म्हातारी तिथं अधूनमधून खोकत होती, आणि सगळ्यांनी तिला काढ्याचे सल्ले दिले होते.

फाओलिउ फुआतिनोकडे झुकला. "मी स्वतः तिला मध नेऊन दिला होता," तो कुजबुजला.

गेली दोन वर्षं आजोबा सभेत दोन वाक्यांवर का थांबत होते, ते फुआतिनोला तेव्हा कळलं. परक्या घरात, वरच्या आळीला, ते एकटे होते. सगळ्या प्रमुखांत बसून एकटे, आणि हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण सभा चालू होती.

तुआलोआंनी शेवटचा खांब संपवला. मग त्यांनी प्रमुखांकडे पाहिलं नाही, टीव्हीकडेही नाही. सभेत प्रमुख कुणाची परवानगी मागत नाही. ते अंगणाकडे तोंड करून, त्याच मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाले,

"ताई, उघडतात ही दारं. काच लावू का?"

मातालेनाची बोटं थांबली.

"लाव की," ती म्हणाली. "मला कुठं दिसतेय ती."